जागा मोकळी करा

१

चार वाजता मी चहा करतो. एक कप. सुरुवातीला हात सवयीनं दोन कपांचंच पाणी ओतायचा आणि उरलेला चहा मोरीत टाकताना माझं मलाच ओशाळं वाटायचं. आता हात शहाणा झालाय. कप घेऊन मी पुढच्या खोलीतल्या दिवाणावर बसतो, मोबाईल उघडतो आणि मालनचा व्हिडिओ लावतो.

मालन माझी बायको. गेल्या उन्हाळ्यात गेली. स्वयंपाकघरात फरशीवर, फ्रीजला पाठ टेकून गवार मोडत बसली होती. डॉक्टर म्हणाले, "जागच्या जागी गेल्या, त्रास झाला नाही." हेच वाक्य नंतर भेटायला आलेल्या प्रत्येकानं मला ऐकवलं, जसं काही त्यात माझा मोठाच फायदा झाला होता.

तो व्हिडिओ म्हणजे खरं तर चूक आहे. मालनला फोटो काढायचा असायचा आणि बोट पडायचं व्हिडिओवर. आम्ही सगळे ताठ बसून राहायचो, पोट आत, मान वर, आणि ती म्हणायची, "निघंना का बरं?" असे व्हिडिओ ती स्वतःच पुसून टाकायची. हा एक राहिला. त्यात मी याच दिवाणावर फोटोच्या तयारीत बसलोय. ती दिसत नाही, नुसता आवाज येतो.

"सरका की जरा."

"अजून कुठं सरकू? भिंतीत जाऊ का?"

"जावा की."

मग ती हसते. मग दिवाण कुरकुरतो, म्हणजे ती शेजारी टेकली. मग छत दिसतं, पंखा दिसतो आणि संपतं.

आमच्या लग्नापासूनचं भांडण हे. दिवाणाचं एक टोक भिंतीला लागलेलं, दुसरं स्वयंपाकघराच्या दाराकडं. मी मधोमध पसरायचो. ती काम उरकून यायची, दाराकडच्या टोकाला उभी राहायची आणि म्हणायची, सरका. एसटीत सरका, लग्नाच्या पंगतीत सरका, दवाखान्याच्या बाकावर सरका. आमची मुलगी विशाखा पुण्याला असते, तिच्याकडं आईचे फोटो आहेत. आवाज मात्र कुणाकडंच नाही. होता तो एवढाच, माझ्याकडं.

आम्ही बौद्ध. आमच्यात श्राद्ध नाही, पिंड नाही, कावळ्याची वाट बघत उन्हात उभं राहणं नाही. आत्माच मानत नाही, तर तो येणार कुठून? मालनसाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी भन्तेजी म्हणाले, दिवा विझल्यावर ज्योत कुठं गेली असं विचारू नये. मी चितेगावच्या एका कारखान्यात जन्मभर वायरमन होतो, मला हे पटायला जड गेलं नाही. करंट गेला की दिवा गेला. पण मग मागं राहिलेल्या माणसानं धरायचं कशाला? मी मोबाईल धरला.

२

मोबाईलमधले फोटो, व्हिडिओ सांभाळून ठेवणारी एक सेवा आहे, तिचं नाव 'कायम'. मालन असतानाच विशाखानं ती आमच्या दोघांच्या मोबाईलवर टाकून दिली होती. एकात काढलेला फोटो आपोआप वर कुठंतरी जायचा आणि दुसऱ्यातही यायचा. क्रांती चौकात त्यांचा मोठा फलक आहे. आजोबा आणि नातू मोबाईल बघून हसतायत, दोघांचेही दात पांढरेशुभ्र, आजोबांचे जरा जास्तच. खाली लिहिलंय : 'फोन बदला, गाव बदला. आठवणी जागच्या जागी.' मालनला ते वाक्य फार आवडायचं. ती गेल्यापासून मी त्या फलकाखालून स्कूटर नेताना मान खाली घालतो.

एक दिवस चहाच्या वेळी मोबाईलवर निरोप आला. 'तुमच्या फोनमध्ये जागा कमी आहे. तुमच्या सर्व आठवणी कायममध्ये सुरक्षित आहेत. जागा मोकळी करा?' शेजारी हिरवी बरोबरची खूण. मी 'हो' दाबलं. वर सगळं ठेवलेलंच आहे, खाली पसारा कशाला, असा साधा हिशोब. लबाडाघरचं आवतण जेवल्याशिवाय खरं नसतं म्हणतात. मी जेवायच्या आधीच ढेकर दिला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता व्हिडिओच्या जागी करडा चौकोन होता. त्यावर बोट ठेवलं तर एक गोल फिरायला लागला. खाली अक्षरं : 'सिंक होत आहे.' तो गोल फिरत राहिला आणि मी बघत राहिलो. बाकीचे फोटोही तसेच, ओळीनं करडे चौकोन. चहावर साय धरली. त्या दिवशी मी मालनचा आवाज ऐकला नाही. तिच्या नंतरचा असा तो पहिला दिवस.

३

तक्रारीच्या नंबरावर आधी बासरी वाजते. मग एक बाई सांगते की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग पुन्हा बासरी. दोन-तीन दिवस या बासरीशी झटल्यावर एक खरीखुरी मुलगी सापडली. तिनं नाव प्रेरणा सांगितलं.

"रामकिसन सर, आमच्याकडे तर सगळं सिंक झालेलं दिसतंय."

"तुमच्याकडं दिसून मला काय उपेग, बाई? मला दिसाया पायजे ना."

"नेटचा प्रॉब्लेम असेल, सर."

"नेट लई चांगलं हाय. तुमची जाहिरात कशी फटाफटा येती त्याच्यावर!"

ती हसली. पोरगी वाईट नव्हती. मग कळा बडवल्याचा आवाज आला. "सर, तुमच्या खात्याला दोन मोबाईल जोडलेले आहेत. तो व्हिडिओ दुसऱ्या मोबाईलवरचा आहे. तिकडून निघाला की तुमच्याकडे येईल. तो मोबाईल फक्त चालू राहू द्या."

"तो माझ्या मालकिणीचा मोबाईल. बंद हाय तो. ती वारली."

"सॉरी, सर." तिनं पुन्हा कळा बडवल्या. मग हळू आवाजात म्हणाली, "पण सर, तो चालू दाखवतोय. आत्ताच सिंक झालाय."

"जुनं काहीतरी दाखवत असंल ते."

"असेल, सर," असं ती इतक्या पटकन म्हणाली की मला बरं वाटायच्या ऐवजी खटकलंच.

मालनचा मोबाईल स्वयंपाकघरात, फ्रीजवरच्या बिस्किटाच्या डब्यात आहे. तिचा चष्मा आणि मनगटी घड्याळही त्यातच. मी डबा काढला. मोबाईलचं पोट फुगून मागचं झाकण उचकटलं होतं. काच काळी, गार. बटण दाबून धरलं, अंगठा दुखेपर्यंत. काही नाही.

४

तरी मी तो क्रांती चौकातल्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदारानं तो हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला.

"चाचा, इसमें जान नहीं है. बॅटरी फूल गई. चार्जर नक्को लगाव, फटेगी."

"आतला एक व्हिडिओ पायजे होता."

त्यानं उघडून पाहिलं. "बोर्ड बी गया. अब्बी कुछ नहीं होता इसका." फुगलेली बॅटरी काढून त्यानं बाजूच्या वाळूच्या डब्यात टाकली आणि उरलेलं टरफल रुमालात गुंडाळून माझ्या हाती दिलं. अगदी हळू दिलं. मी काय घेऊन आलो होतो ते त्याला कळलं असावं.

गारखेड्याला घरी पोचलो, टरफल डब्यात ठेवलं, चहा टाकला. दिवाणावर बसून मोबाईल उघडला तर चौकोन भरायला लागलेले! कप हिंदकळून चहा सदऱ्यावर सांडला इतका मला आनंद झाला. व्हिडिओचा चौकोन अजून करडाच होता, पण फोटो एकेक करून परत येत होते. नावं ठेवली ते चुकलंच आपलं, कंपनी बरी आहे, असंही मनात आलं.

पहिला फोटो लेणीच्या पायऱ्यांवरचा. विशाखाच्या लग्नानंतर आम्ही तिघं गेलो होतो. विशाखा मधे, एका बाजूला मी. तिचा दुसरा हात लांब केलेला, बोटं खांद्यावर ठेवल्यासारखी वाकलेली. त्या बोटांखाली कुणीच नव्हतं. मागची पायरी स्वच्छ दिसत होती.

दुसरा विहारातला, बुद्धपौर्णिमेचा. पांढऱ्या साड्यांतल्या बायकांची ओळ, खांद्याला खांदा. मधेच एका बाईपुरती फट. त्या फटीच्या अलीकडची बाई तिकडं तोंड करून काहीतरी सांगत होती आणि हसत होती. त्या ओळीत कुणीही सरकलेलं नव्हतं.

मी विशाखाला फोन लावला.

"पप्पा, आजकाल एआय असतं त्याच्यात. आपोआप माणसं खोडतं ते. काही नाय होत. थांबा, माझ्याकडचे पाठवते."

तिनं पाठवला. पिवळ्या साडीतली मालन, खुर्चीत बसलेली, कॅमेऱ्याकडं संशयानं बघणारी. आली माझी बाई. मी काचेवर अंगठा फिरवला. तेवढ्यात कोपऱ्यात छोटी हिरवी खूण उमटली, म्हणजे हाही फोटो 'कायम'नं वर नेला. मी बघतोय आणि खुर्ची रिकामी. गादीवर बसल्याचा खळगा तेवढा होता.

विशाखानं आणखी पाठवले. तिच्या मोबाईलमध्ये आई होती तशीच होती, माझ्याकडं येऊन खूण उमटली की जायची.

"नको पाठवू आता," मी म्हणालो.

"का, पप्पा?"

"तू पाठवती अन् ती पुन्हा जाती. मला नाय बघवत."

तिकडं ती रडायला लागली. "मी येऊ का, पप्पा?" मी नको म्हणालो, सुट्टी कशाला मोडतेस म्हणालो, फोन ठेवला आणि दिवाणावर बसून मोठ्यानं रडलो. ती गेली त्या दिवशी पाहुण्यारावळ्यांत मला रडायला सवडच झाली नव्हती.

५

त्यानंतर मोबाईलमध्ये नवे फोटो यायला लागले.

पहिला आमच्या स्वयंपाकघराचा. खालून काढलेला, फरशीवर बसलेल्या माणसाच्या नजरेनं. ओट्याखालच्या कपाटाची कडी अगदी डोळ्यासमोर. पलीकडून स्लीपर घातलेले दोन पाय चाललेले. माझे पाय. अंगठ्याजवळ शिवलेली स्लीपर, ती मी याच आठवड्यात शिवून आणली.

माणसाची अक्कल अशा वेळी फार धावपळ करते. मी म्हटलं, जुना फोटो असेल. मग स्लीपर आठवली. मी म्हटलं, माझाच मोबाईल हातातून पडून निघाला असेल. मग मी स्वतः फरशीवर बसून पाहिलं. तसा फोटो एकाच ठिकाणाहून निघतो, फ्रीजला पाठ टेकून. मी तिथं बसलो होतो, माझ्या मागं फ्रीज घरघरत होता, आणि पाठीला लागणारा पत्रा कोमट होता. फ्रीजचा पत्रा कोमट असतोच. हे मी वायरमन म्हणून सांगतो. तरी मी उठलो.

दुसऱ्या दिवशी दिवाणावरचा आला. दाराकडच्या टोकाकडून काढलेला. त्यात माझा खांदा, माझा कान, कपाची कड, आणि माझ्या हातातला मोबाईल. मोबाईल माझ्या हातात आणि फोटो माझ्या शेजारून! मी दाराकडच्या टोकाकडं पाहिलं. चादर, तिची उशी, त्यावर मी टाकलेली वर्तमानपत्रं. परत मोबाईलकडं पाहिलं तर आणखी एक आलेला. यात खांदा जास्त जवळ होता.

मग निरोप आला : 'दुसरं उपकरण जवळ आहे.'

मी जाऊन डबा उघडला. चष्मा, घड्याळ, रुमालात गुंडाळलेलं टरफल. बॅटरीच्या जागी रिकामी खाच. झाकण लावलं. हातातल्या मोबाईलवर पुन्हा तेच : 'दुसरं उपकरण जवळ आहे.'

मला भीती वाटली. पण खोटं कशाला बोलू, भीतीच्या आधी दुसरंच मनात आलं. मोरीत सकाळपासूनची भांडी पडली होती, आणि मला वाटलं, निदान ती तरी घासून ठेवायला हवी होती.

ती मी घासली. तिला आवडायची तशी पालथी घातली. अशा गोष्टी मानायच्या नाहीत असं आमच्या घरानं फार पूर्वी ठरवलं, आणि ते बरोबरच आहे. पण भांडी घासायला काही मानावं लागत नाही.

६

दोन दिवसांनी प्रेरणाचा आपणहून फोन आला. कंपनीचं माणूस आपणहून फोन करतं, यावरूनच मला काहीतरी चुकतंय हे कळायला हवं होतं.

"सर, तुमची तेवढी एकच फाईल राहिलीय. तो व्हिडिओ. निघालाय तिकडून. पण तुमच्याकडे जागा नाही."

"बाई, सगळं रिकामं केलंय मी. नातवाचे फोटो काढले, गाणी काढली, लोकांचे नंबर बी काढले. आता काय राह्यलं?"

"तरी भरलेली दाखवतेय, सर. थोडी जागा करावी लागेल."

"किती?"

"एका माणसापुरती."

"काय?"

"एका फाईलपुरती, सर," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. मग ती म्हणाली, "अजून काही मदत करू शकते का?" मी नाही म्हणालो.

चार वाजून गेले होते. खिडकीतून ऊन आत आलं होतं. मी चहा केला आणि ओतायला लागल्यावर कळलं की पाणी दोन कपांचं पडलंय. या वेळी मी मोरीत ओतलं नाही. दोन कप घेऊन पुढं आलो. दिवाणावर मधोमध बसलो, माझ्या नेहमीच्या जागी, आणि तिचा कप ठेवायला शेजारी पाहिलं.

कप ठेवायला जागाच नव्हती. दिवाणावर आणि त्या टोकाच्या स्टुलावर वर्तमानपत्रांचा ढीग, गोळ्यांची पेटी, चार्जर, न घडी केलेले कपडे. ती उठून गेल्यापासून मी तिचं टोक भरून टाकलं होतं. माझा पसरलेला पायही तिकडंच. मोबाईल वाजला. इतके दिवस त्यावर 'जागा मोकळी करा' असं छापील मराठी यायचं. आज दोनच शब्द होते : 'जागा करा.'

मी वर्तमानपत्रं उचलून खाली ठेवली. पेटी, चार्जर, कपडे, सगळं खाली. चादर ओढून सारखी केली. कप तिथल्या स्टुलावर ठेवला. आणि मग पाय घेतला आणि सरकलो, भिंतीच्या बाजूला, थोडासा.

दिवाण कुरकुरला.

माझ्याकडचा नव्हे, दाराकडचा. दुसरं माणूस टेकलं की फळी कशी कुरकुरते ते मला जन्मभर माहीत आहे. गादी तिकडून किंचित दबली आणि माझ्या मांडीखालची उचलली गेली. मी तिकडं पाहिलं नाही. पाहिलं आणि चादर नुसती सपाट असली तर? ते मला सोसलं नसतं. मी मोबाईलकडं बघत राहिलो.

गोल फिरायचा थांबला. हिरवी खूण. 'सिंक पूर्ण.'

मी व्हिडिओ लावला. त्यात मी होतो. आजचा सदरा, त्यावरचा न गेलेला चहाचा डाग. अगदी शेजारून घेतलेलं. फोटोसाठी ताठ बसलेला तो जुना मी नव्हतो, हा पाठीत वाकलेला होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. मी गालाला हात लावला. खरंच ओला होता.

"सरका की जरा."

तिचा आवाज. इतक्या दिवसांनी. थोडा दमलेला, काम उरकून आल्यासारखा. मी सरकलो. खांदा भिंतीला लागला. आतून हुंदका आला आणि तो बाहेर पडेपर्यंत त्याचे रोजचेच शब्द झाले.

"अजून कुठं सरकू? भिंतीत जाऊ का?"

आता ती 'जावा की' म्हणणार आणि हसणार. त्या हसण्यासाठीच मी हे सगळं केलं होतं. मी श्वास धरून थांबलो. व्हिडिओ संपला, काच काळी झाली. हसू आलं नाही.

स्टुलावरच्या कपातून वाफ येत होती. मग आवाज आला. तो मोबाईलमधून आला नाही आणि दिवाणाच्या त्या टोकाकडूनही नाही. माझा खांदा जिथं टेकला होता तिथून, कानाजवळून, भिंतीतून आला.

"या की," मालन म्हणाली.

मी नको म्हणालो तरी विशाखा शनिवारी येते म्हणाली होती. तिला किल्ली कुठं ठेवतो ते माहीत आहे. मी मोबाईल चादरीवर पालथा ठेवला आणि अजून थोडा सरकलो.

जागा होती.